हरलेल्याचे 42 गुण

बास्केटबॉलमधला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद हल्ली ज्या रीतीने घातला जातो ती रीतच मला मान्य नाही. एका बाजूला अंगठ्या, म्हणजे विजेत्या संघाच्या खेळाडूंना मिळणाऱ्या विजेतेपदाच्या खुणा, मोजणारे आहेत. मायकेल जॉर्डन एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम मालिकेत सहा वेळा उतरला आणि सहाही वेळा जिंकला, लेब्रॉन जेम्स दहा वेळा उतरून चारदाच जिंकला. त्यांच्या लेखी विषय तिथेच संपतो. दुसऱ्या बाजूला आकडे मोजणारे आहेत. लेब्रॉनने 7 फेब्रुवारी 2023 रोजी करीम अब्दुल-जब्बारचा कारकिर्दीतल्या 38,387 गुणांचा विक्रम मागे टाकला, आता आणखी काय हवे, असे ते विचारतात. दोन्ही बाजूंना आपण एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहोत असे वाटते. मला मात्र दोघींचा आळस एकाच जातीचा दिसतो: सामना न पाहता निवाडा देता यावा म्हणून प्रत्येकीने एकेक तयार रकाना निवडला आहे. माझे म्हणणे सरळ आहे. अटीतटीच्या सामन्याचा निकाल संघांचा असतो, तो एकेका खेळाडूच्या योग्यतेवरचा निवाडा नसतो. आणि त्या सामन्याचा तक्ता, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचे आकडे, खरा असला तरी पुरा नसतो. हरलेल्याच्या नावापुढचे आकडे हरल्यामुळे हलके होत नाहीत, आणि जिंकलेल्याच्या नावापुढचा रिकामा रकाना म्हणजे त्याने काही केले नाही असेही नव्हे.

हे तपासून पाहायला 5 मे 1969 चा सामना घ्यावा. एनबीएच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना, लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमधल्या फोरम या बंदिस्त मैदानात. यजमान लेकर्स, समोर बोस्टन सेल्टिक्स. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत. लेकर्सकडे त्या वर्षी जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर यांच्या जोडीला विल्ट चेंबरलेनही आला होता, त्यांनी साखळीत 55 सामने जिंकले होते. बोस्टन 48 विजयांसह आपल्या विभागात चौथे आले होते. त्यांचा बिल रसेल 35 वर्षांचा होता आणि तोच संघाचा प्रशिक्षकही होता. लेकर्सचे मालक जॅक केंट कूक यांनी विजयानंतर सोडण्यासाठी छताला फुगे बांधून ठेवले होते. ते तिथेच राहिले. बोस्टन 108, लॉस एंजेलिस 106.

आता तक्ता पाहा. वेस्ट: 42 गुण, 13 रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू), 12 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास). चेंबरलेन: 18 गुण, 27 रिबाउंड. बोस्टनकडून जॉन हॅव्हलिचेकचे 26, सॅम जोन्सचे 24. आणि रसेल: 6 गुण, 21 रिबाउंड. हा रसेलच्या आयुष्यातला शेवटचा सामना होता आणि तो जिंकून त्याने 13 हंगामांत अकरावे विजेतेपद मिळवले. नुसता तक्ता हातात देऊन एखाद्याला विचारले की यातले कोणते दोन जण जिंकलेल्या संघाचे, तर वेस्ट आणि चेंबरलेन यांच्यावर बोट ठेवण्याचा मोह कोणालाही होईल. मग तक्ता खोटे बोलतो का? मुळीच नाही. वेस्टने ते 42 गुण खरोखर केले, आणि तेही मांडीचा स्नायू दुखावलेला असताना. पाचव्या सामन्यात त्याला ती दुखापत झाली होती. मालिकेत त्याची सरासरी जवळपास 38 गुणांची होती, पहिल्याच सामन्यात त्याने 53 गुण केले होते. चौथ्या म्हणजे शेवटच्या सत्रात बोस्टनची आघाडी एका टप्प्यावर 17 गुणांवर गेली असताना लेकर्स परत आले त्यात सर्वांत मोठा वाटा त्याचा होता. संघ दोन गुणांनी हरला म्हणून यातले काय कमी होते?

अंगठ्या मोजणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. खेळ जिंकण्यासाठीच असतो. जिंकण्याशी नाते तुटलेले आकडे पोकळ असू शकतात, आणि त्याचे उदाहरण याच सामन्यात आहे. चेंबरलेनने त्या रात्री 13 फ्री थ्रो, म्हणजे नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकी, घेतले आणि त्यांतले फक्त 4 घातले. संपूर्ण लेकर्स संघाने 47 पैकी 28 घातले, म्हणजे समोर कोणी अडवायला नसतानाही 19 फेकी वाया गेल्या, आणि सामना गेला दोन गुणांनी. ‘18 गुण आणि 27 रिबाउंड’ एवढेच वाचणाऱ्याला हे कळत नाही. याच चेंबरलेनने 2 मार्च 1962 रोजी हर्शीमध्ये एका सामन्यात 100 गुण केले होते, आणि त्या हंगामाचे विजेतेपद बोस्टनने नेले. रसेलच्या बाजूचे लोक म्हणतात की दडपणाखाली आपल्या सहकाऱ्यांचा खेळ उंचावणे हे मोजता येत नाही, ते फक्त निकालात दिसते, आणि अकरा वेळा दिसलेली गोष्ट योगायोग नसते. हा मुद्दा वजनदार आहे. अकरा वेळा कोणी चुकून जिंकत नाही.

पण या मुद्द्यातून निघते एवढेच की रसेलच्या 13 वर्षांकडे एकत्रित पाहिले तर त्याच्या संघाच्या यशात त्याचा वाटा प्रचंड होता. त्यावरून त्या एका रात्रीच्या दोन गुणांना नैतिक विजयाचा दर्जा देता येत नाही. ते दोन गुण कसे आले ते पाहा. शेवटचा सुमारे एक मिनिट उरला होता, बोस्टन 103, लेकर्स 102. चेंडू हॅव्हलिचेककडे होता आणि लेकर्सच्या कीथ एरिक्सनने मागून हात घालून तो त्याच्या हातून सोडवला. बचाव म्हणून ही उत्तम खेळी होती. सुटलेला चेंडू गेला थेट बोस्टनच्या डॉन नेल्सनच्या हातात. त्याने फ्री थ्रोच्या रेषेजवळून घाईने फेकला, चेंडू जाळ्याच्या लोखंडी कड्याच्या मागच्या बाजूला आपटून सरळ वर उडाला आणि खाली येताना जाळ्यात पडला. 105-102. ते कडे एक बोट पुढे-मागे असते तर? एरिक्सनचा हात चेंडूला जरा वेगळ्या कोनातून लागला असता तर? मग वेस्ट ‘मोठ्या सामन्याचा राजा’ ठरला असता आणि रसेलचे 6 गुण म्हणजे थकलेल्या म्हाताऱ्याचा निरोप ठरला असता. दोघांनी त्या रात्री केलेले काम मात्र तसूभरही बदलले नसते. ज्या कसोटीचा कौल चेंडूच्या एका उडीवर फिरतो, तिला माणसाच्या योग्यतेची कसोटी कसे म्हणायचे?

आणखी एक गोष्ट निकालवाले सोयीने विसरतात. पाचेक मिनिटे उरली असताना चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला. थोड्या वेळाने तो परत यायला तयार होता, पण प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी त्याला परत उतरवले नाही. त्याच्या जागी उतरलेला मेल काउंट्स तेव्हा खेळत होता आणि अंतर एका गुणावर आणणारी बास्केट काउंट्सचीच होती, त्यामुळे प्रशिक्षकाचा निर्णय निव्वळ हट्टाचा होता असेही म्हणवत नाही. पण पराभवानंतर बोल कोणाला लागला? चेंबरलेनला. खुद्द रसेलने नंतर जाहीरपणे म्हटले की त्याने बाहेर जायलाच नको होते. त्या बोलण्याने या दोघांची मैत्री कितीतरी वर्षे तुटली, आणि पुढे रसेलला त्याबद्दल माफी मागावी लागली. चेंबरलेनला रसेलइतके जवळून कोणीच ओळखत नव्हते, तरी निकालाच्या प्रकाशात रसेललाही ती दुखापत हा कच्चेपणा वाटला. मग अर्ध्या शतकानंतर पडद्यावर दोन ओळी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांचे काय सांगावे?

आता आकडेवाल्यांकडे वळतो. त्यांचाही सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. आठवण पक्षपाती असते. ती शेवटची फेक लक्षात ठेवते, देखणा खेळाडू लक्षात ठेवते, आपल्या गावचा खेळाडू लक्षात ठेवते. वर्णभेदाच्या त्या काळात बोस्टनमध्ये रसेलला मैदानावर टाळ्या आणि मैदानाबाहेर अपमान दोन्ही मिळत होते. अशा वातावरणात लिहून ठेवलेला आकडा हा दुर्लक्षित माणसाचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असतो. वेस्टचेच पाहा. अंतिम मालिका नऊ, विजेतेपद एक. आकडे नसते तर तो ‘चांगला होता, पण शेवटी कमी पडायचा’ एवढ्या एका वाक्यात विरून गेला असता. तेव्हा आकडे फेकून द्या आणि डोळ्यांवर विश्वास ठेवा, असे सांगणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही.

प्रश्न वेगळा आहे: साक्षीदाराला काय विचारले गेले होते? एनबीएने ब्लॉक (अडवलेली फेक) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) यांची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली 1973-74 च्या हंगामापासून. चेंडू गमावण्याची, म्हणजे टर्नओव्हरची नोंद आणखी काही वर्षांनी आली. तीन गुणांची रेषा आखली गेली 1979 मध्ये. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बचावाच्या जोरावर ज्याने या खेळाचा चेहरा बदलला, ज्याच्या भीतीने समोरचे खेळाडू कड्याजवळ जाण्याचे टाळत, त्या बिल रसेलच्या संपूर्ण कारकिर्दीत अडवलेल्या फेकींचा रकानाच अस्तित्वात नव्हता. 5 मे 1969 च्या तक्त्यात त्याच्या नावापुढे ब्लॉकची संख्या नाही, कारण ती लिहायची सोय नव्हती. चेंबरलेनवरही हाच अन्याय झाला, तोही अचाट ब्लॉकर होता. पण चेंबरलेनकडे गुणांचा डोंगर होता, त्याचे ओझे त्या मोकळ्या जागेने कमी झाले नाही. रसेलकडे मात्र जे होते ते बहुतेक त्या मोकळ्या जागेतच होते. आणि रकाना असता तरी काय? रसेल चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्यापेक्षा हलकेच थोपवून आपल्याच सहकाऱ्याकडे वळवत असे आणि तिथून बोस्टनची धावती चढाई सुरू होत असे. ब्लॉकच्या रकान्यात भिरकावलेला चेंडूही एक आणि वळवलेला चेंडूही एक. जो खेळाडू रसेलला पाहून फेकच न करता मागे फिरला, त्याची नोंद तर आजही कुठे होत नाही.

रिबाउंडचेही तसेच. 27 आणि 21 हे आकडे पाहून आजच्या वाचकाचे डोळे विस्फारतात. पण साठच्या दशकात खेळाचा वेग असा होता की एकेक संघ सामन्यात शंभरच्या आसपास, कधी त्याहून जास्त फेकी करायचा आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक चुकायच्या. चुकलेल्या फेकी जास्त, म्हणून रिबाउंडही जास्त. याने त्या दोघांची थोरवी उणावत नाही. पण 1969 चे 27 आणि आजचे 27 एकाच ओळीत मांडून तुलना करणारा आकडे वाचत नसतो, आकड्यांची पूजा करत असतो.

हा पेच त्या काळच्या लोकांनाही पडला होता, आणि 1962 मध्ये त्यांनी दिलेली उत्तरे मला फार बोलकी वाटतात. त्या हंगामात चेंबरलेनने सामन्यामागे 50.4 गुण आणि 25.7 रिबाउंड अशी सरासरी राखली. सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनने अख्ख्या हंगामात गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींची सरासरी दोन आकडी ठेवली. आणि हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू कोण ठरला? रसेल. तेव्हा त्या पुरस्कारासाठी मतदान खेळाडू करत. त्याच वर्षी हंगामाचा सर्वोत्तम संघ पत्रकारांनी निवडला, त्यात मधल्या (सेंटरच्या) जागेवर पहिली पसंती होती चेंबरलेन; रसेल दुसऱ्या संघात. म्हणजे प्रेक्षागृहात बसून तक्ता हाती आलेल्यांनी एक निवडला, आणि ज्यांना आठवड्यामागून आठवडे त्या दोघांच्या अंगावर जाऊन चेंडू कड्यापर्यंत न्यायचा होता त्यांनी दुसरा. दोघेही प्रामाणिक होते. खेळाडूंचे मत बरोबर होते असे मला वाटते, पण त्यामागे बोस्टन सारखे जिंकत असल्याची छाया अजिबात नव्हती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

1969 मध्ये मात्र मतदारांनी एक गोष्ट केली, जी त्यानंतर आजतागायत कोणी केलेली नाही. अंतिम मालिकेतल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला आणि तो मिळाला हरलेल्या जेरी वेस्टला. हॅव्हलिचेकचा किंवा खुद्द रसेलचा दावा कच्चा नव्हता. तरीही त्यांनी निकाल बाजूला ठेवून मालिका पाहिली. त्याला आता पंचावन्नहून अधिक वर्षे लोटली. इतक्या वर्षांत एकदाही मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू हरलेल्या संघात नव्हता, यावर कोणी विश्वास ठेवावा? 2015 मध्ये लेब्रॉनने क्लीव्हलँडकडून मालिकेत सामन्यामागे 35.8 गुण, 13.3 रिबाउंड आणि 8.8 असिस्ट केले, त्याच्या दोन प्रमुख सहकाऱ्यांपैकी एक आधीच जखमी होता आणि दुसरा पहिल्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर गेला. पुरस्कार गेला गोल्डन स्टेटच्या आंद्रे इग्वोडालाला, अकरांपैकी सात मतांनी. इग्वोडालाचे काम मोठे होते, लेब्रॉनला अडवण्याचा भार त्याने वाहिला. पण ज्याला अडवल्याबद्दल पुरस्कार मिळतो तो माणूसच मालिकेचा मध्यबिंदू असतो, हे मतदारांना दिसायला नको होते का?

पुढच्याच वर्षीचा सातवा सामना तर 1969 चाच जुळा भाऊ. 19 जून 2016, ओकलंड. क्लीव्हलँड 93, गोल्डन स्टेट 89. सातव्या सामन्याआधी मालिकेत दोन्ही संघांचे एकूण गुण 610-610 असे तंतोतंत सारखे होते. हरलेल्या ड्रेमंड ग्रीनने 15 पैकी 11 फेकी घालून 32 गुण केले, वर 15 रिबाउंड आणि 9 असिस्ट. जिंकलेल्या लेब्रॉनचे 27 गुण, 11 रिबाउंड, 11 असिस्ट होते, पण त्याने 24 पैकी 9 फेकी घातल्या. त्याचा सहकारी कायरी अर्व्हिंगने 23 पैकी 10. लोकांच्या तोंडी राहिले काय, तर लेब्रॉनने मागून धावत येऊन इग्वोडालाची अडवलेली फेक, अर्व्हिंगची शेवटच्या मिनिटातली तीन गुणांची फेक आणि गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीचे 19 पैकी 6. ग्रीनचा तो सामना आज किती जणांना आठवतो? आणि केव्हिन लव्ह? 9 गुण, 9 पैकी 3 फेकी. तक्ता वाचून कोणीही पुढे सरकेल. पण तो मैदानावर असताना क्लीव्हलँडने प्रतिस्पर्ध्यापेक्षा 19 गुण जास्त केले, त्याने 14 रिबाउंड खेचले, आणि शेवटच्या मिनिटात त्याच्याहून कितीतरी चपळ असलेल्या करीसमोर पाय न डगमगू देता त्याला अवघड फेक करायला लावली. आता रकाने कितीतरी वाढले आहेत, तरी लव्हच्या त्या काही सेकंदांसाठी सर्वसामान्य तक्त्यात अजूनही जागा नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. जानेवारी 1999, चेन्नई, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. 271 चे लक्ष्य, सचिन तेंडुलकर पाठीच्या दुखण्यासह 136 वर बाद, संघ 254; उरलेले तिघे चार धावांत गेले आणि भारत 12 धावांनी हरला. सकलैन मुश्ताकने सामन्यात दहा बळी घेतले होते, तरी सामनावीर ठरवला गेला सचिन. त्या परीक्षकांनी 1969 च्या मतदारांसारखाच विचार केला. आपल्यातल्या अनेकांनी मात्र वर्षानुवर्षे उलटेच केले: सामना संपवूनच परतायला हवे होते, असा ठपका त्या 136 धावांवर ठेवला. त्या चार धावांत गेलेल्या तीन बळींचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण निकाल एका नावावर लिहिणे सोपे असते.

अंगठ्यांच्या हिशेबातली सर्वांत विपरीत गोष्ट अशी की त्यात अंतिम मालिकेत हरणे हे पहिल्याच फेरीत गारद होण्यापेक्षा वाईट ठरते. लेब्रॉनच्या सहा पराभवांची यादी तोंडपाठ असते. जॉर्डन 1985 ते 1987 अशी सलग तीन वर्षे पहिल्या फेरीतच बाहेर पडला, ते कोणी मोजत नाही, कारण ‘सहापैकी सहा’ या वाक्यात ती वर्षे येतच नाहीत. जो माणूस आपल्या संघाला शेवटच्या दारापर्यंत अधिक वेळा नेतो, त्यालाच जास्त दंड? असा हिशेब कुठल्या न्यायात बसतो?

जेरी वेस्टच्या नऊ अंतिम मालिकांतल्या सहा बोस्टनविरुद्ध गेल्या आणि सहाही वेळा समोर रसेल होता. अखेर 1972 मध्ये त्याला विजेतेपद मिळाले. त्या हंगामात लेकर्सने सलग 33 सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत न्यूयॉर्कला हरवले. त्या मालिकेत वेस्टची सरासरी 19.8 गुणांवर घसरली होती, त्याच्या जेमतेम एकतृतीयांश फेकी आत गेल्या, आणि मालिकेतला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला तोच चेंबरलेन, ज्याला तीन वर्षांपूर्वी बाकावर बसवून ठेवले होते. एल्जिन बेलर दुखावलेल्या गुडघ्यांमुळे त्या हंगामाच्या सुरुवातीलाच निवृत्त झाला; सलग विजयांची ती मालिका सुरू झाली त्याच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सामन्यापासून. त्याच्या नावावर विजेतेपद कधीच लागले नाही. अंगठ्या मोजणाऱ्यांच्या हिशेबात वेस्टचा श्रेष्ठ क्षण 1972 चा आणि अपयशाचा क्षण 1969 चा. ज्यांना हा हिशेब मान्य आहे त्यांनी 42 गुण, 13 रिबाउंड आणि 12 असिस्टच्या त्या रात्री वेस्टने आणखी नेमके काय करायला हवे होते, ते सांगावे.